लाल पट्टीचं ओरडणं

संगणक पेटीएवढे जाड होते, तेव्हाची गोष्ट. द्राक्षांच्या एका शीतगृहात तसा एक संगणक होता आणि त्याच्या पडद्यावर एक लाल पट्टी राहायची. आतल्या तापमापकाकडून आकडा आला नाही की ती ओरडायची, "आकडा नाही! आत जाऊन बघा!"

शेजारी अहवाल राहायचा. रिकामा रकाना वाईट दिसतो, म्हणून आकडा नसला की तो बिनदिक्कत कालचाच छापायचा. रोज सकाळी शीतगृहाचे व्यवस्थापक खैरनारसाहेब त्या कागदावर सही ठोकायचे.

एकदा पट्टी सलग तीन दिवस ओरडली. साहेबांनी प्रोग्राम लिहिणाऱ्या हेमाडेला बोलावलं. "अहो, ही बया डोकं उठवते. काहीतरी करा हिचं."

"माझं नको, तापमापकाचं करा!" पट्टी कळवळली.

"चार अंश," अहवाल शांतपणे म्हणाला. "माझ्याकडे सगळं ठीक आहे."

हेमाडेनं अहवाल वाचला, मान डोलावली आणि पट्टी पडद्यावरून लपवून टाकली. शीतगृहाचं दार दहा पावलांवर होतं. तिकडे कुणी गेलं नाही.

आतलं थंडाव्याचं यंत्र कधीच बंद पडलं होतं. आठवड्यानं कुजक्या द्राक्षांचा वास रस्त्यापर्यंत आला. साहेब कडाडले, "तुमच्या प्रोग्रामला आधी सांगता येत नव्हतं?"

हेमाडेनं घाईघाईनं पट्टी पुन्हा पडद्यावर आणली. आठ दिवस कोंडलेलं ओरडणं तिच्या तोंडून एकदम फुटलं.

"आता ओरडून काय उपयोग?" साहेब म्हणाले. "निकामी आहे ही. काढूनच टाका."

हेमाडेनं ती काढून टाकली.

दुसऱ्या दिवशी रिकाम्या शीतगृहाचा अहवाल निघाला. चार अंश. साहेबांनी सही केली.