रेवाची वाटी आणि बोअरचं पाणी

एका गावात लहानू नावाचा एक भोळा गडी होता. गावच्या बोअरचा पंप चालू-बंद करणं हे त्याचं काम. सांगितलेलं तो कधी चुकवत नसे. अडचण तेवढीच होती.

त्याच गावात वैदेही राहायची. शिकलेली, आणि त्यामुळे घाबरट. तिची रेवा नुकती वरचं खाऊ लागली होती. खडकातून बोअरच्या पाण्यात रेडॉन नावाचा किरणोत्सारी वायू उतरू शकतो, असं वैदेहीच्या वाचनात आलं. मग काय! पाणी तपासून येईपर्यंत रेवाला बोअरचा थेंबही द्यायचा नाही, असं तिनं ठरवलं आणि लांबच्या विहिरीवरून कळशी वाहू लागली.

सरपंच हसायचे. "सूनबाई, आमचे दात काय त्या वायूनं पडले?"

दात मात्र त्यांचे पडलेलेच होते.

लहानू नमुना घेऊन तालुक्याच्या प्रयोगशाळेत गेला. बाटली अर्धी, बूच खिशात.

"अरे, उघडं राहिलं, तापलं, की वायू उडून जातो!" तिथल्या मॅडम म्हणाल्या. "बाटली काठोकाठ भरायची. आत हवा नको. समजलं?"

"समजलं."

संध्याकाळी वैदेहीनं त्याला खिरीसाठी दूध आणायला धाडलं. दूध अर्धा लिटर, किटली मोठी. वर हवा राहिली. लहानूनं पंप चालू केला आणि किटली काठोकाठ भरली.

"अरे देवा! बोअरचं पाणी दुधात?"

"आत हवा नाही, वहिनी. बघा."

दुसऱ्या खेपेला बाटली काठोकाठ होती. मॅडमनी विचारलं, "आधी पंप चालवला होता?"

"नाही. तोटी सोडली अन् भरली."

"म्हणजे पाइपातलं शिळं पाणी आणलंस. आधी ते बरंच वाहून जाऊ द्यायचं, मग भरायचं. समजलं?"

"समजलं."

परतताना लहानू दुधाला डेअरीवर गेला आणि कॅनची तोटी सोडून उभा राहिला. दूध गटाराकडे निघालं. कुत्री धन्य झाली. डेअरीवाला काठी घेऊन वेशीपर्यंत मागे आला.

"शिळं जाऊ देत होतो," लहानू म्हणाला.

वैदेहीला हसावं की रडावं कळेना. "आता दुधाचं नीट ऐक. थेंब सांडायचा नाही. आधी खळखळून उकळायचं, मगच दुसऱ्याच्या हातात द्यायचं. समजलं?" आपण किती सोपं करून सांगतो, असं तिला उगाच वाटलं.

"समजलं."

तिसऱ्या खेपेनंतर अहवाल आला. रेडॉन नाही! सरपंचांनी पंपापाशी नारळ फोडला. बायका एकमेकींना म्हणाल्या, "पुस्तकातली भीती, दुसरं काय!" वैदेही ओशाळली. तिनं विहिरीची कळशी पालथी घातली आणि रेवाच्या वाटीत बोअरचं पाणी ओतलं. रेवानं दोन्ही हात पुढे केले.

लहानू खोबरं चघळत दारात उभा होता. वैदेहीनं आपलं सहज विचारलं, "या खेपेला सगळं नीट केलंस ना रे?"

"एकदम. शिळं पाणी सोडलं. नंतरचा थेंब सांडला नाही. बाटली काठोकाठ."

"शाबास!" वाटी रेवाच्या ओठांपाशी गेली.

"आणि नेण्याआधी खळखळून उकळलं," लहानू म्हणाला. "मॅडमला पण लेकरंबाळं असतील, वहिनी. असलं कच्चं पाणी त्यांच्या हातात कसं द्यायचं?"