तहाच्या शेल्याच्या गाठी

एका राज्यात कापूस इतका पिके, की वाऱ्यावर उडाला तर लेकरं म्हणत ढग उतरले. आणि त्याच राज्यात माणसं फाटक्या अंगानं फिरत. कशी, ते ऐका.

समुद्रापलीकडच्या बेटावर एक जादूगार होता. राजानं त्याच्याशी तह केला. कापूस जकातीविना तिकडं जाईल, कापड जकातीविना इकडं येईल. तीन वर्षं कापड स्वस्त मिळालं, राजा खूश. तोवर गावोगावचे माग बंद पडले. मग जादूगारानं कापसाचा भाव पाडला, कापडाचा चढवला. कुणी पुन्हा मागावर बसलं, की त्याची बोटं लाकडाची होत. तसं तहातच होतं, बारीक अक्षरात.

तो तह शेल्यावर विणलेला होता, आणि विणला होता गोजरा कोष्टिणीनं. तिला वाचता येत नव्हतं. नक्षी समजून विणत गेली. आता तिचाच नवरा लखोबा लाकडाची बोटं घेऊन बसला होता. ती त्याला घास भरवी आणि स्वतःला शिव्या घाली.

एके सकाळी आढ्यावरची साळुंकी म्हणाली, "शिव्या पुरे. शेला जादूगाराकडं बेटावर आहे. तुझ्या हातचा, तूच मोड." साळुंकी बैलाएवढी झाली, गोजरा पाठीवर बसली, दोघी बेटावर उतरल्या.

जादूगार म्हणाला, "राजा घरी, आणि कोष्टीण दरबारी? तह मोडायचा तर तीन कामं कर. चुकलीस तर तुझीही बोटं लाकडाची."

पहिलं काम, शंभर देशांच्या कापसातून आपला कापूस निवडायचा. गोजरानं डोळे मिटून चिमटीत तंतू ओढला आणि सूर्य कासराभर वर येईतो ढीग वेगळा केला. दुसरं, मुंगीच्या बिळातून जाईल असं सूत कातायचं. तेही कातलं. मग जादूगारानं शेला पुढं टाकला. मोडायचा, पण कात्री नाही, आग नाही, पाणी नाही.

गोजरानं शेल्याचं टोक पाहिलं. कोष्ट्यांची रीत अशी, की कापड मागावरून उतरलं की टोकाच्या मोकळ्या धाग्यांना गाठी मारायच्या. गाठी नसल्या तर आडवा धागा ओढताच कापड उसवतं, म्हणून त्याशिवाय कापड पुरं झालं असं कुणी म्हणत नाही. तिनं विचारलं, "मी मारलेल्या गाठी कुठं आहेत?"

"लोंबत होत्या. कापून कड सरळ केली."

"जगाला कापड विकतोस, आणि एवढं ठाऊक नाही?"

तिनं कडेचा आडवा धागा धरला आणि ओढला. ओळीमागून ओळ उसवली, अक्षरं जमिनीवर सांडली. शेवटचा धागा निघाला तसा जादूगाराचा महाल रिकाम्या गोणीसारखा खाली बसला.

साळुंकीनं गोजराला राजवाड्यापुढं उतरवलं, तेव्हा राजा म्हणाला, "बाई, आता कुणाशी तह नको."

"करा की, महाराज. कापूस आधी आपल्या मागांना, उरेल तो परदेशी. पण तह आधी चावडीवर मोठ्यानं वाचा. मग मी विणीन. आणि गाठींना कुणी हात लावायचा नाही."

राजानं मान्य केलं. गोजरा घरी आली तेव्हा लखोबा आपल्या हातानं भाकरी मोडत होता. पहिला तुकडा साळुंकीला गेला, आणि शेजारच्या मागाचा खटका ऐकू आला.