कालव्याच्या काठातले जोडे

स्कॉटलंडमधल्या किर्कलॅन गावी एका दिवसाच्या सहलीला येणारे लोक आधी घड्याळाचा मनोरा पाहतात, मग दगडी चर्च, आणि जेवण उरकून कालव्याच्या काठाने चालायला निघतात. तिसऱ्या पुलापुढे वाट बांधावर चढते. उजवीकडे संथ, काळपट पाणी; डावीकडे, पाण्याच्या पातळीपेक्षा दोन पुरुष खोल, विणकरांची आळी. इथे गावातला प्रत्येक माणूस थांबतो, बूट-मोजे काढतो आणि चाळीस पावले अनवाणी चालतो. थंडी असो, चिखल असो.

पाहुण्यांना इथवर आणतात ते ऐंशी वर्षांचे आर्चीबाल्डआजोबा. एकदा त्यांच्या घोळक्यातल्या केतकी नावाच्या साताऱ्याकडच्या मुलीने कुणी सांगायच्या आधीच बूट काढून हातात घेतले.

"तुला कुणी सांगितलं गं?"

"ते गावातले सगळे काढतायत म्हणजे देऊळच असणार ना, आजोबा?"

आजोबा हसले. "देव नाही इथे. इथे इसोबेलचे जोडे आहेत." मग कठड्याला टेकून त्यांनी सगळ्यांना सांगितले ते असे.

कालवा नवा खोदला तेव्हाची गोष्ट. पाणी सोडले की नेमका हा चाळीस पावलांचा तुकडा गळे आणि खालच्या आळीतल्या घरांत ओल चढे. तीनदा बुजवला, तीनदा गळला. शेवटी कंपनीच्या साहेबाने फर्मान काढले, की महिनाअखेर आळी रिकामी करा. घरे पाडून तिथे तळेच करू, गळलेले पाणी साठेल तरी.

आळीच्या पहिल्या घरात इसोबेल राहायची. लोकरीचे ओले कापड पायांनी तुडवून घट्ट करायचे, हे तिचे काम. त्या घरात तिची आई वारली होती, तिथेच तिची मुले चालायला शिकली होती. ते घर तळ्याखाली जाणार, हे तिच्या गळी उतरेना. ती बांधावर चढली, गळणाऱ्या जागी कोपरापर्यंत हात घातला आणि मूठभर माती बाहेर काढली. वरची माती घट्ट होती, आतली मात्र नुसती ढेकळे.

ती मुकादमाला म्हणाली, "डंकन, ही कुणी तुडवली?"

"गुरांनी. दोनशे गुरं फिरवली यावरून!"

"तेही गुडघाभर माती एकदम टाकून. गुरं आपल्या सोयीनं चालतात. कडेला एकाही खुराचा ठसा नाही, बघ."

"अगं बाई, हा कालवा आहे. तुझी घोंगडी नव्हे."

"घोंगडीतून पाणी गेलं तर मेंढपाळ माझ्या दारात येतात. तुझ्या दारात कोण येतं?"

माणसे हसली. इसोबेल साहेबाकडे गेली आणि तिने पंधरा दिवस मागितले. साहेबाने दिले, फुकटात काम होत असेल तर कुणाला नको? तिने तो तुकडा तळापर्यंत उकरायला लावला. मग आपले एकुलते एक जोडे काढले, तळाशी ठेवले आणि म्हणाली, "गळती थांबेपर्यंत पायात काही घालणार नाही. आणि पुन्हा गळलं, तर हे वाहून बाहेर येतील. तेव्हा मला हसा."

चार बोटांचा थर पसरायचा, पाणी शिंपडायचे, इंच न सोडता तुडवायचा, मगच पुढचा थर. पहिले दोन दिवस ती एकटी होती. माती बर्फासारखी गार. पाय फुटले, टाचांतून रक्त आले. तिसऱ्या दिवशी शेजारची मोराग शिव्या घालतच बांधावर आली. "मरायचंय का एकटीनं? सरक तिकडे." मग आळीतल्या साऱ्या बाया आल्या. कापड तुडवताना म्हणायची गाणी त्यांनी मातीवर म्हटली, कारण गाण्याशिवाय पाय एका तालात पडत नाहीत. दहाव्या दिवशी डंकनही बूट काढून रांगेत शिरला, म्हणे. त्याला ताल जमेना, तेव्हा बाया पोट धरून हसल्या.

पंधराव्या दिवशी पाणी सोडले. जिथून पहिली धार यायची तिथेच इसोबेल बांधाला पाठ लावून उभी राहिली. साहेब हातात घड्याळ घेऊन समोर. वर पाणी चढत गेले, काठाला लागले. तास गेला, दुसराही गेला. इसोबेलची पाठ कोरडीच राहिली.

साहेबाने घड्याळ खिशात टाकले. त्याने आळीचे फर्मान तिथेच फाडले, असे सांगतात. मग तिच्या पायांकडे पाहून तो म्हणाला, "बाई, आता तरी जोडे घाला."

"ते काठात आहेत, साहेब. आणि तिथेच बरे आहेत."

त्यानंतर आयुष्यभर ती अनवाणीच चालली, म्हणे.

घोळक्यातल्या एका पाहुण्याने विचारले, "पण जोडे खरंच आहेत का? कुणी खणून पाहिलं?"

"खणलं तर गळेल की!" आजोबा म्हणाले. त्यांनी वाकून आपल्या बुटांच्या नाड्या सोडल्या. एकेक करून सगळेच वाकले. केतकी तोवर पुढे गेली होती, आणि तळव्याखालची माती दगडासारखी घट्ट लागत होती.

कंपनी केव्हाच बुडाली, मालाच्या बोटी बंद झाल्या. आळीतल्या चुली मात्र आजही पेटतात, आणि इसोबेलचे जोडे आजही बाहेर आलेले नाहीत.