नवलबागेतलं लग्न आणि तळ्यातल्या मेढी

ही गोष्ट फार जुनी आहे. इतकी जुनी, की ती ज्या वडाजवळ घडली त्याच्या पारंब्यांचेही आता वड झाले आहेत. लहानांनी पुढे सरकून बसावं. मोठ्यांनी मागे बसलं तरी चालेल, पण कान इकडे ठेवावेत, कारण गोष्ट खरी त्यांचीच आहे.

एका राज्यात डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होतं. गाव काही श्रीमंत नव्हतं, पण मानी होतं. तिथली माणसं वाटसरूला तांब्याभर पाणी देत तेही अशा आदराने, की पिणाऱ्याला आपण राजाचे पाहुणे आहोत असं वाटावं. आणि या गावाला सगळ्यांत जास्त अभिमान होता तो आपल्या मेढींचा.

मेढ म्हणजे मांडवाचा खांब. गावात मुलगी जन्मली की तिच्या बारशाला घरटी एक मेढ येई. बोलावणं नसे, सांगणं नसे. प्रत्येक घर आपली खूण लाकडावर कोरी, तळाशी दगड बांधी आणि मेढ गावतळ्यात सोडी. प्रत्येक लेकीचा तळ्यातला कोपरा वेगळा. वर्षानुवर्षं पाण्यात मुरलेल्या लाकडाला ना कीड लागते ना वाळवी.

मग लेकीचा साखरपुडा झाला की सगळं गाव दोर घेऊन तळ्यावर जाई. मेढी वर निघत, उन्हात वाळत आणि त्यांच्यावर तिच्या लग्नाचा मांडव उभा राही. लग्नानंतर मांडवाची पानं गळून जात, पण मेढी कुणी परत नेत नसे. त्यांच्यावरच नव्या जोडप्याचं घर उभं राही. लेक परगावी गेली, तर मेढी बैलगाड्यांत घालून तिच्यामागे धाडत. घर पाहावं बांधून आणि लग्न पाहावं करून, असं म्हणतात ना? या शहाण्या गावाने दोन्ही एकाच मांडवात उरकलं होतं.

या गावच्या माणसांना एक खोड होती. कुठल्याही खांबाशेजारी बसण्याआधी ती त्यावर बोटांनी टकटक करून बघत. देवळात गेली तरी आधी खांब वाजवत, मग घंटा. परगावचे लोक हसत, पण गावाला त्याचं काही वाटत नसे.

गावात सागाची राई असलेला एक माणूस राहत होता. त्याला सगळे राईवाला म्हणत. कुणाचंही बारसं असो, सर्वांत सरळ मेढ राईवाल्याची. तो ती खांद्यावर घेऊन निघाला, की आधी त्याचा उंच तांबडा फेटा दिसे, मग मेढ, मग तो.

राईवाल्याला एकच लेक झाली. तिच्या बारशाला गाव मेढी घेऊन आलं, तेव्हा बाळाची आई स्वतः एक मेढ ओढत तळ्यावर आली. ती जाड होती, मांडवाच्या मधोमध लागते तशी. टोकाला तिने तांब्याचं कडं ठोकून घेतलं होतं.

गावची सुईण म्हणाली, "अगं, मुलीच्या घरातून मेढ द्यायची नसते. रीत नाही तशी."

"ही घरची नाही," आई म्हणाली. "ही माझी आहे."

सुईण हसली आणि तिने स्वतःच्या हाताने ती मेढ पाण्यात सोडली. पुढे लेक पाच-सहा वर्षांची असताना आई तापाने गेली. राईवाल्याने पोरीला एकट्याने वाढवलं, वेण्यासुद्धा स्वतः घातल्या. वेण्या वाकड्या येत, पण पोर त्या मिरवी.

त्याच सुमारास राजाने नदीकाठी नवलबाग उभारली. काय नव्हतं तिथे? देवळाच्या शिखराएवढा उंच रहाटपाळणा होता. चाकांवर चालणारा लाकडी हत्ती होता. अस्वलांची कातडी पांघरून माणसं पाहुण्यांना मुजरा करत. मधोमध सोनेरी महाल होता, आणि त्या महालात हौशी लोकांना लग्न लावता येई. नवरीला दिवसभर खऱ्या राणीसारखा मुकुट मिळे. किंमत ऐकून सावकारालाही घाम फुटे, पण हौसेला मोल नसतं, असं बागेचा कारभारी सगळ्यांना सांगत असे. त्याचं पोट त्याच वाक्यावर चालत होतं.

लेक मोठी झाली. गावातल्याच एका विणकराशी तिचं लग्न ठरलं. पोरगा गुणी होता, पण आईबापाविना वाढलेला. मावशीच्या एका खोलीत तो, मावशी आणि त्याचा माग असे तिघे राहत. घर नाही म्हणून कुणी नाक मुरडलं नाही. मेढी होत्या ना तळ्यात.

साखरपुडा झाला. गाव दोर घेऊन तळ्यावर जमलं. राईवाला फेटा सावरत पुढे आला आणि म्हणाला, "दोर गुंडाळा. माझ्या लेकीच्या मांडवाला कुणाची मेढ लागणार नाही. तिचं लग्न नवलबागेत होणार."

त्याच्या मनात वाईट काही नव्हतं. आई नाही म्हणून पोरीला काही कमी पडलं, असं कुणी म्हणू नये, एवढंच त्याला हवं होतं. पण गावाने ऐकलं ते वेगळंच. वर्षानुवर्षं आपण तिच्या नावाने जे पाण्यात ठेवलं, ते याला नको आहे. गावालाही आपला मान होता. दोर गुंडाळले आणि माणसं घरी गेली.

लेकीने हळूच विचारलं, "बाबा, मेढी?"

"तू राणी होणार आहेस," तो म्हणाला. "राणीला मेढी कशाला?"

ती गप्प बसली. खरं सांगायचं तर तिलाही त्या रहाटपाळण्याचा मोह होता. लहानपणापासून ती तो डोंगरावरून बघत आली होती. तुम्हीही गप्प बसला असतात.

राईवाल्याने राई विकली. सगळी. सागाच्या गाड्या गावातून गेल्या, तेव्हा बायका दारात उभ्या राहून बघत होत्या.

लग्न झालं, आणि दणक्यात झालं. उगाच नावं ठेवण्यात अर्थ नाही. हत्तीवरून वरात निघाली, वरून फुलं पडली, अस्वलांनी मुजरे केले. लेकीच्या डोक्यावर मुकुट होता आणि बापाचे डोळे भरून आले होते. पण बागेच्या दारात माणसं मोजून आत सोडत. ठरल्याहून जास्त आली तर जास्त दाम. त्यामुळे अर्धं गाव आलंच नाही. जिने लेकीला या जगात आणलं, त्या सुईणीलाही बोलावणं गेलं नव्हतं.

सप्तपदी झाली आणि सवयीने लेकीने महालाच्या खांबावर टकटक केलं. आतून ढब् ढब् आवाज आला. खांब पोकळ होता, बांबूच्या चटया गुंडाळून वर सोनेरी रंग दिलेला.

"वाजवू नका, ताई," जवळचं अस्वल म्हणालं. "रंग निघतो."

संध्याकाळी ती नवऱ्याबरोबर रहाटपाळण्यात बसली. पाळणा वर गेला, तेव्हा लांब डोंगरापाशी तिला आपलं तळं दिसलं. काठावर एक म्हातारी एकटी बसली होती. चेहरा दिसण्याइतकी ती जवळ नव्हती, पण लेकीने बसण्यावरून सुईणीला ओळखलं.

पाळणा खाली आला तेव्हा नगारा वाजला. दाराबाहेर दुसरी वरात येऊन थांबली होती. मघाचंच अस्वल अदबीने पुढे आलं आणि म्हणालं, "ताई, मुकुट." तिने मुकुट काढून दिला. तो आतून अजून कोमट होता तोवर दुसऱ्या नवरीच्या डोक्यावर चढलासुद्धा.

लग्नानंतर ती दोघं मावशीच्या खोलीत राहायला लागली. एका खोलीत आता तीन माणसं आणि एक माग. रात्री झोपायचं तर माग बाहेर काढावा लागे. बापाने आपल्या घरी बोलावलं, पण घरजावई व्हायला विणकर तयार नव्हता. नवं घर बांधायचं तर लाकूड हवं, आणि राई तर केव्हाच गेली होती. मेढी तळ्यात होत्या. पण मांडवाशिवाय मेढ निघत नाही, ही गावाची रीत. आणि मांडवाला तर राईवाल्यानेच नको म्हटलं होतं.

राईवाला रोज तळ्यावर जाई, पाण्याकडे बघे आणि परत येई. कुणी विचारलं तर म्हणे, "सहज आलो होतो." ताकाला जाऊन भांडं लपवणारी माणसं तुम्ही पाहिली असतीलच.

मग गावात एका घरी मुलगी झाली. बारशाचा दिवस आला. घराघरांतून मेढी निघाल्या. राईवाल्याकडे मात्र द्यायला काठीसुद्धा नव्हती. जन्मभर सर्वांत सरळ मेढ नेणारा माणूस त्या दिवशी दार लावून घरात बसला.

लेकीने ते बंद दार बघितलं. ती तडक तळ्यावर गेली, पदर खोचला आणि सगळ्या गावासमोर पाण्यात उतरली.

"काय करतेस गं?" गावातला एक जाणता म्हणाला.

"माझ्या मेढी काढतेय."

"तुझ्या मांडवाला आमच्या मेढी नको होत्या."

"बाबांनी नको म्हटलं, आणि मी गप्प बसले. ती माझी चूक," ती म्हणाली. "काका, नवलबागेत मला खूप मजा आली. खोटं कशाला बोलू? पण तिथलं सगळं तिथेच ठेवून यावं लागलं. माझ्या नावाने ठेवलेलं या जगात एवढंच आहे, आणि ते या पाण्यात आहे. आपल्या माणसांनी आपल्यासाठी ठेवलेलं मागायला मला लाज वाटत नाही."

तिने बुडी मारली. पाण्याखाली एकेक मेढ चाचपत गेली. एका टोकाला हात लागला आणि तिथे गोल, थंड धातू लागला. ती वर आली, पण एक हात तिने पाण्याखालच्या त्या टोकावरच ठेवला होता.

"तांब्याचं कडं आहे ना?" काठावरून सुईण म्हणाली. "तुझ्या आईची आहे ती. मीच सोडली होती."

आता लेक ती मेढ उचलायला लागली. मेढ हलेना. काठावर कुणी जागचं हललं नाही. मनातून सगळे हलले होते, पण मान आडवा येत होता. अशा वेळी पहिलं पाऊल फार जड असतं.

कुणीतरी घरी जाऊन सांगितलं असावं. राईवाला धावत आला. लेक गळाभर पाण्यात उभी, आणि तिच्या हातात ते कडं. त्याने ते ओळखलं. आई नाही म्हणून काही कमी पडू नये, यासाठी त्याने राई विकली होती, आणि आईने तर आपली जागा बारशालाच भरून ठेवली होती. तोच विसरला होता.

तो गावाकडे वळला. म्हणाला, "मी चुकलो. तुमच्या मेढी नकोत म्हणालो. माझ्या लेकीच्या डोक्यावर तुमचं छप्पर असू द्या."

एवढं म्हणून त्याने आपला फेटा उतरवला. त्याला आजवर कुणी उघड्या डोक्याने पाहिलं नव्हतं. फेट्याचं एक टोक लेकीकडे टाकलं, तिने ते कड्यातून ओवून बांधलं, आणि दुसरं टोक मनगटाला गुंडाळून तो ओढायला लागला. फेट्याचा दोर झाला.

पण फेटा थोडा आखूड पडला. तेव्हा तो जाणता पुढे आला, त्याने आपला फेटा सोडला आणि राईवाल्याच्या फेट्याला गाठ मारली. मग तिसरा, मग चौथा. तांबडे, पिवळे, मळके, विटलेले. सगळं गाव बोडकं होऊन ओढायला लागलं आणि आईची मेढ पाण्याबाहेर आली. काळी, भक्कम, कुठे भेग नाही.

सुईण उठली. तिने मेढीवर टकटक केलं. खणखणीत आवाज आला.

"पण मांडव कसला घालायचा?" कुणीतरी म्हणालं. "लग्न तर झालंय."

"मांडवात जेवायला काय हरकत आहे?" सुईण म्हणाली. "मला तर लग्नाचं जेवण मिळालेलंच नाही."

गाव हसलं. मेढी वाळल्यावर मांडव घातला, पंगती बसल्या, पहिलं पान सुईणीला वाढलं. मग त्याच मेढींवर घर उभं राहिलं, मधोमध तांब्याच्या कड्याची मेढ. विणकराचा माग आत बसला, तो पुन्हा कधी बाहेर काढावा लागला नाही.

राईवाल्याने रिकाम्या जमिनीत सागाची रोपं लावली. त्याला नात झाली तोवर रोपं वाढली होती, पण फार नाही. बारशाला तो मनगटाएवढी मेढ खांद्यावर घेऊन आला. आईच्या मेढीपासून गावाने रीत बदलली होती, आता मुलीच्या घरातूनही मेढ येत असे. राईवाल्याचा फेटा जुनाच होता, गाठीपाशी फाटलेला आणि मुद्दाम न शिवलेला. चालताना त्याची मान पूर्वीपेक्षा ताठ होती. त्या बारीक मेढीला कुणी हसलं नाही.

"बारीक आहे, आजी," तो म्हणाला.

म्हाताऱ्या सुईणीने ती हातात घेतली, वाजवून बघितली आणि पाण्यात सोडली. "असू दे," ती म्हणाली. "मुरेल."

नवलबाग आता कुठे होती तेही कुणाला सांगता येत नाही. ते घर मात्र अजून उभं आहे म्हणतात, आणि गावची पोरं जाता-येता त्याच्या मधल्या खांबावर टकटक करून जातात.

तात्पर्य: विकत घेतलेला थाट दिवस मावळला की परत करावा लागतो, आपल्या माणसांनी खांद्यावर आणलेला मांडव जन्मभर डोक्यावर राहतो.