धाकट्याची माळ

एकदा एका वृद्ध गुरूच्या परसात नेहमीसारखाच दिवस उगवला. देठावर मान टाकलेले पिकले अंजीर पहाटेच उतरवून झाले होते. थोरला शिष्य ते गरम पाण्यातून काढून उन्हातल्या चटईवर पसरत होता आणि मध्येच हाताला लागलेला चीक तेलाने पुसत होता. एवढ्यात फाटकात व्यापारी आला. दर हंगामात सुक्या अंजिरांच्या माळा नेणारा तो.

“फार लवकर आलात, शेठ,” थोरला हसून म्हणाला. “धाकट्याच्या माळा हव्यात वाटतं? आमचे धाकटे महाराज गावी गेलेत. आराम चाललाय त्यांचा.”

व्यापारी हसला नाही. “माल न्यायला नाही आलो. त्याच्याच गावाहून येतोय. गेला तो. ताप उतरलाच नाही.”

गुरूंना सारे आबा म्हणत. व्यापाऱ्याला हात जोडून त्यांनी निरोप दिला, कोठीत गेले, खुंटीवरची एक माळ काढून ओसरीवर येऊन बसले. दोऱ्याच्या ओबडधोबड गाठीवरून थोरल्याने ती ओळखली. धाकट्याची होती. आबा एकेक अंजीर सोडवून सावकाश खाऊ लागले.

थोरल्याच्या पोटात जुना निखारा फुलला. धाकटा मागाहून आलेला, कामात घाईचा, मध्येच खोकत बसणारा. तरी कोठी उघडली की आबांचा हात आधी त्याच्याच माळेकडे जाई. थोरल्याच्या एकसारख्या दाबून ओवलेल्या माळा आतल्या खुंटीवर तशाच लटकत राहत. मत्सर माणसाला मेलेल्याशीही भांडायला लावतो. बातमी ऐकताच थोरल्याच्या मनात सर्वांआधी जे आले, ते दुःख नव्हते. आता तरी आपली पाळी, एवढेच आले होते.

त्याने आपली उत्तम माळ ताटात घालून पुढे ठेवली. “आबा, ही घ्या.”

आबांनी ताट बाजूला सारले.

“गेला तरी त्याचीच का?” थोरल्याचा आवाज फाटला. “इतकी वर्षे बघतोय. आधी त्याची, माझी सगळ्यांत शेवटी. माझ्या हातात असे काय कमी आहे, ते एकदा सांगून टाका.”

“खाऊन बघ,” म्हणत आबांनी धाकट्याच्या माळेतले एक अंजीर त्याच्या हातावर ठेवले.

थोरल्याने चावा घेतला. आत ओल होती. जिभेवर आंबूस झाक आली.

“त्याची माळ कधीच पुरती वाळली नाही, बाळा,” आबा म्हणाले. “ठेवली असती तर फेकावी लागली असती, आणि फेकताना त्याने पाहिले असते. म्हणून मी ती आधी संपवत आलो. तुझी माळ टिकते. भाद्रपदात कोठी रिकामी होते, तेव्हा हे घर तुझ्या अंजिरांवर निभते. तुला मी मागे टाकत नव्हतो, राखून ठेवत होतो. टिकणाऱ्याविषयी माणूस निर्धास्त असतो रे, आणि तेच त्याला सांगायचे राहून जाते.”

थोरल्याने उरलेले अंजीर ताटात ठेवले. मग त्याने विचारले, “मग वाळवणे त्याला तुम्ही शिकवले का नाही?”

“माझी बोटे आता बधिर झाली. अंजिरातली ओल त्यांना कळत नाही. म्हणून त्याला तुझ्याकडे पाठवले होते.”

धाकटा आला होता खरा. चटईशेजारी उकिडवा बसून म्हणाला होता, “दादा, पुरते वाळले हे बोटाला कसे कळते? दाखव की.” त्यावर थोरला म्हणाला होता, “आबांना ज्याच्या माळा गोड लागतात, त्याने मला काय विचारायचे?” धाकटा ओशाळून हसला आणि उठून गेला. त्याने पुन्हा विचारले नाही. थोरल्याने त्याला कधी दाखवले नाही.