भिंतीतला मासा

मुलांनो, एका जंगलात दोन टेकड्या समोरासमोर उभ्या होत्या. एक काळी, दुसरी पिवळसर. पिवळ्या टेकडीच्या गुहेत अंगभर काटे असलेली एक साळू राहत असे. तिला लवकरच पिल्ले होणार होती आणि जंगलात बिबट्या फिरत होता, म्हणून गुहेच्या आत तिने एक अरुंद बीळ खणायला घेतले होते. एका दुपारी खणता खणता भिंतीचा मोठा पापुद्रा गळून पडला. आत एक मासा होता! सगळा दगडाचा. काटे, कल्ले, डोळ्याची खोबण, सारे जिथल्या तिथे. वरून वाळूचे कण सरसर गळत होते. कुणीतरी दबक्या आवाजात बोलत असावे, असे तिला वाटले.

दाराशी कोल्हा उभा होता. त्या गुहेवर त्याचा फार दिवसांपासून डोळा होता. तो हळूच म्हणाला, "साळूताई, इथे टेकडीवर ना नदी ना तळं, मग मासा आला कुठून? जागा शापित आहे ही. अंधार पडला की तो भिंतीतून पोहत बाहेर येतो. आधी पिल्लांनाच ओढून नेतो म्हणे!" साळू बीळ अर्धवट टाकून बाहेर पडली.

ती काळ्या टेकडीवर गेली. तिथे मासा नव्हता, पण कातळातल्या बारीक भोकांतून वारा हूं हूं करत होता. तिने खणून पाहिले. नखे बोथट झाली, कातळावर ओरखडाही उठेना. खाली पाहते तो बिबट्याचे ताजे ठसे! ती नदीकाठच्या म्हाताऱ्या कासवाकडे धावली आणि मासा, काळा कातळ, भोके, सारे सांगून म्हणाली, "कासवआजोबा, शाप नसलेला दगड कुठे मिळेल हो?"

कासव हसले. "अगं, दगडाला कसला शाप? तो कसा घडला ते विचारावं. तुझा काळा कातळ जमिनीच्या पोटातल्या आगीतून रस होऊन वर आला आणि थिजला. ती भोकं म्हणजे त्या रसातले बुडबुडे. तिथे मासा कसा टिकेल? पिवळा दगड मात्र पाण्याने रचलेला. ही दरड बघ." नदीने कापलेल्या काठात वाळूचे आणि चिखलाचे थर एकावर एक बसले होते. एका थरातून माशाचा सांगाडा डोकावत होता. "गाळाखाली दबून दबून याचाही दगड होईल. तुझ्या टेकडीच्या जागी कधीकाळी पाणी होतं, एवढंच."

साळू तडक माघारी फिरली. तिन्हीसांजा झाल्या होत्या. गुहेत कोल्हा ऐसपैस पसरला होता, पण त्याचा डोळा लागत नव्हता. 'थाप तर मीच मारली,' असे तो स्वतःला बजावत होता. तरी वर वाळू सरसरली की त्याचे अंग शहारे. मासा मघापेक्षा जवळ आलाय का? तेवढ्यात अंधारात साळूचे काटे खळखळले. "आला! पोहत आला!" असे किंचाळत कोल्हा जो पळाला, तो पुन्हा त्या टेकडीकडे फिरकला नाही.

साळूने खणायला घेतले. मऊ थर भराभर सुटत गेले. पिल्ले जन्मली त्याच आठवड्यात बिबट्या आला. बिळाच्या तोंडाशी बराच वेळ हुंगत राहिला, आत पंजा घालून पाहिला आणि काटे टोचवून घेऊन निघून गेला. पिल्ले आईच्या पोटाशी निजलेलीच राहिली.

तात्पर्य : ज्याची भीती वाटते ते कसे घडले, हे आधी विचारावे. न विचारता पळणारा आपले घर गमावतो, आणि भीती पेरणाऱ्याला ती आधी गाठते.