न पुजलेल्या थैलीची कहाणी

ऐका वाटजाई माते, तुमची कहाणी. बायांनो, हातात अक्षता घ्या, बोलणं राहू द्या, लेकरं मांडीवर घ्या.

नगर होतं आटपाट, मधून नदी वाहत होती. नदीच्या अल्याड कोष्ट्यांची आळी, पल्याड सावकाराची पेढी. आळीत आवडाई नावाची कोष्टीण राहत होती. नवरा लिंबाजी, घरात एक माग, मागावर दोघांचं पोट. एके साली लिंबाजी घाटाच्या पायरीवरून घसरला, उजवा हात मोडला. वैद्याला पैसे हवेत, सुताला पैसे हवेत. मग आवडाई पेढीवर गेली, माग गहाण ठेवला, कर्ज काढलं. पेढीचा करार असा, की दर पुनवेच्या आत हप्ता पोचावा. एकदा चुकला, तर दंड. तीनदा चुकला, तर माग पेढीचा.

आवडाई म्हणाली, "चुकायला मी काय हात बांधून बसणार आहे?"

मग ती एकटी मागावर बसू लागली. धोटा उजवीकडून टाकावा, डावीकडून घ्यावा. नदी ओलांडून जायचं तर विणण्याचा अख्खा दिवस मोडतो, म्हणून हप्ता डाकेनं धाडावा. थैली शिवावी, तोंडाला लाख लावावी, वेशीवर राणोजी हरकाऱ्याच्या हाती द्यावी. राणोजीच्या काठीला घुंगरू. ते वाजत वाजत नदीपार जाई.

चैत्रात पुनवेला चार दिवस होते, तेव्हा आवडाईनं थैली धाडली. पेढीचा निरोप आला, "हप्ता उशिरा आला. एकदा चुकलं." आवडाई म्हणाली, नावेचा खोळंबा झाला असेल. वैशाखात आणखी आधी धाडली. निरोप आला, "हप्ता उशिरा आला. दोनदा चुकलं." शेजारणी म्हणाल्या, "आवडाईची थैली कासवाच्या पाठीवरून जाते वाटतं!" ज्येष्ठात तिनं सण पाहिला नाही, वार पाहिला नाही, पाहुण्याकडे गेली नाही. आकाशात चंद्राची कोर दिसायच्या आत थैली धाडली. तरी निरोप आला, "तिसऱ्यांदा चुकलं. येत्या बाजाराच्या दिवशी माणसं येतील, माग उचलतील."

आवडाई उठली ती थेट वेशीवर गेली.

"राणोजीदादा, माझी थैली दिलीत कुठं?"

"कुठं म्हणजे? पेढीच्या ओटीवर, मुनिमाच्या हातात. घोटभर पाणी विचारलं नाही मेल्यानं."

"कधी दिलीत?"

"तू सकाळी दिलीस, मी गाई घरी येताना दिली. तिन्ही महिने तसंच. माझे पाय म्हातारे झालेत बाय, पण इतके नाहीत."

आवडाई मनाशी म्हणाली, थैली पोचते नि दिवस पोचत नाही, हे कसं? घरी आली, नवऱ्याला सांगितलं. लिंबाजी म्हणाला, "जाऊ दे गं. पेढीशी कोण भांडणार? मोलमजुरी करू."

"अहो, तुमचा हात उद्या बरा होईल. माग गेला तर त्या हातानं करणार काय?" असं म्हणाली, पदर खोचला, नि नदीपार गेली.

पेढीवर भिकाजीपंत मुनीम बसले होते. आवडाईनं नमस्कार केला, म्हणाली, "पंत, माझी थैली वेळेवर पोचली होती."

"पोचली होती."

"मग उशीर कसा झाला?"

मुनीम हसले. म्हणाले, "कोष्टीणबाई, आमच्या पेढीची रीत तुला ठाऊक नाही. आलेली थैली देवघरात लक्ष्मीपुढं ठेवायची. शेठाणीबाईंनी तिला हळदकुंकू लावायचं. मग लाख फोडायची. पुजली तो दिवस धरायचा. पुजली नाही, तर आली नाही."

"मग पुजली का नाही?"

"त्या सवडीनं पुजतात. तुझ्या दोन पुनव टळल्यावर पुजल्या, तिसरी अजून तशीच आहे. आत्ता सारीपाट खेळतायत. जा तू."

आवडाई परत आली. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेली. दासी म्हणाली, "बाईसाहेब न्हातायत." ऊन डोक्यावर आलं. दासी म्हणाली, "बाईसाहेब जेवतायत." ऊन कललं. दासी म्हणाली, "बाईसाहेब निजल्यात. तुम्हाला घर नाही का हो?" आवडाई परत फिरली.

वाटेत वाटजाईचं ठाणं होतं. तिथं एक म्हातारी बसली होती. म्हणाली, "बाई बाई, तोंड का उतरलं?" आवडाईनं सगळं सांगितलं. "आजी, काय करू?"

"वाटजाईचा वसा घे."

"वसा काय असतो तो सांगा."

"उतशील, मातशील, अर्ध्यावर सोडशील."

"उतायला घरात काही नाही, मातायला अंगात बळ नाही. सोडायची मात्र नाही."

म्हातारी म्हणाली, "तर मग ऐक. जे धाडशील, त्याच्या मागं आपण जावं. दार बंद दिसलं तर शिवी देऊ नये, रडू नये, पुन्हा जावं. दुसऱ्याचं काही आपल्या दारी आलं, तर हातातलं काम ठेवून उठावं, आलेल्याला पाणी द्यावं. कुणाचं आलेलं अडवून ठेवू नये. एवढाच वसा." आवडाईनं ठाण्यापुढं डोकं टेकलं, वर पाहते तो म्हातारी नाही. मग तिनं वसा घेतला.

उद्या बाजार, म्हणजे आज शेवटचा दिवस. आवडाई पहाटेच निघाली, पेढीच्या ओटीवर मधोमध बसली. मुनीम आले.

"तू पुन्हा?"

"पुन्हा."

"आज पूजा नाही."

"नसू दे."

"उद्या सकाळी तुझा माग आणायला माणसं निघतील."

"मग मला ओलांडून निघतील."

मुनिमांचा आवाज चढला. तो ऐकून शेठाणी गजराबाई बाहेर आली. शेठ परमुलखी व्यापाराला गेलेले, घरात हुकूम तिचा. अंगावर दागिने, कपाळाला आठ्या. म्हणाली, "सकाळच्या पारी काय कटकट आहे?"

आवडाई उभी राहिली. "शेठाणीबाई, माझी थैली आली की नाही, एवढं सांगा."

"आली असेल. आली ती काय पळून जाते?"

"थैली पळत नाही हो. तिचा दिवस पळतो. तिसरा दिवस पळाला, आता माग जाईल."

शेठाणी तडकली. "तुला थैलीचं पडलंय, नि इथं माझा जीव टांगणीला लागलाय! माझ्या मैनेचं पहिलं बाळंतपण. सातवा सरला, आठवा सरत आला. आमच्यात सासरहून नारळ येतो, मग लेकीला आणायला जायचं. नारळ आल्याशिवाय कसं जाऊ? विहीण उलट्या काळजाची, नारळ धाडत नाही. नि तू मला दिवस सांगतेस?"

आवडाईला वाईट वाटलं. पण ती हलली नाही. म्हणाली, "तुमची लेक सुखी राहो. मला माझी थैली डोळ्यांनी दाखवा. दुसरं काही मागत नाही."

"दाखवते, नि तुझं तोंड बंद करते," असं म्हणून शेठाणीनं कमरेची किल्ली काढली, देवघर उघडलं.

आत पाहते तो काय! लक्ष्मीपुढं थैल्यांचा ढीग. कुणाची जाड खारव्याची, कुणाची चामड्याची, कुणाची धुवट लुगड्याची. वरच्यांवर धूळ, खालच्यांवर कोळ्याची जाळी. आवडाईची थैली निळ्या सुतानं शिवलेली. तळाशी तिचा कोपरा दिसला. आवडाईनं तो धरला नि ओढला. ढीग ढासळला. थैल्या इकडे गेल्या, तिकडे गेल्या, आणि मधून एक तांबड्या फडक्याचं गाठोडं गडगडत आलं, ते शेठाणीच्या पायाशी थांबलं. फडकं उंदरांनी कुरतडलेलं. आतून नारळ बाहेर आला. नारळाला हळदीची बोटं, शेंडीला हिरवा दोरा.

शेठाणीनं तो उचलला. फडक्यावरचं वेलबुट्टीचं काम ओळखलं. ते तिनंच लेकीला शिकवलं होतं.

"पंत," ती म्हणाली, "हा नारळ कधी आला?"

मुनीम म्हणाले, "झाला महिना. पण पुजला नव्हता, म्हणून वर्दी दिली नाही. रीतच आहे आपली."

शेठाणी रडली, कपाळ बडवलं. मग डोळे पुसले नि म्हणाली, "मेणा काढा. मी आत्ता निघते." दोन पावलं गेली, परत फिरली. "विहीण मला उभी करायची नाही. म्हणेल, वेळ टळून गेली. कोष्टीणबाई, तू माझ्याबरोबर चल. नारळ वाटेत अडला नव्हता, माझ्याच घरात पडला होता, हे तू पाहिलंस. साक्ष दे."

आवडाई म्हणाली, "येते. पण मला एकच बोलता येतं, शेठाणीबाई. पोचला तो दिवस खरा, असं मी सांगेन. ते तिथं खरं ठरलं, तर इथंही खरं ठरायला हवं. विहिणीच्या दारी एक नि पेढीवर एक, असं बोलणं मला जमणार नाही."

शेठाणीनं होकारार्थी मान हलवली.

मेणा पुढं, आवडाई मागं. विहिणीचं गाव अर्ध्या दिवसाच्या वाटेवर होतं. विहीण येसूबाई दारातच उभी, कमरेवर हात. "आलात का? मला वाटलं बारशालाच याल! नारळ धाडून महिना झाला. पोरीनं वाट पाहून पाहून डोळ्यांच्या खाचा केल्या. मी सांगितलं तिला, बाई, तुझं माहेर आटलं. आता ती इथंच बाळंत होईल. पाणी प्या नि परत जा."

दाराआड मैना हुंदके देत होती. मग आवडाई पुढं झाली.

"आईसाहेब, नारळ वेळेवर पोचला. तुमचा उशीर नाही, पोरीचा नाही, वाटेचा नाही. पोचलेलं कुणी उचललं नाही, तेवढी चूक. पोचला तो दिवस खरा धरा, नि लेकीला पाठवा."

"तू कोण गं मधे बोलणारी?"

"मी कोष्टीण. या पेढीकडं माझा माग गहाण आहे. माझे हप्ते वेळेवर पोचले, वेळेवर पुजले नाहीत. उद्या माग जाणार आहे."

येसूबाई मोठ्यानं हसली. "अस्सं! म्हणजे विहीणबाई, तुमच्या दारी पुजलं नाही ते आलंच नाही, नि माझ्या दारी मात्र पोचलं ते आलं? एक काय ते ठरवा, मग उंबरा ओलांडा."

शेठाणी खाली मान घालून म्हणाली, "पोचलं ते आलं. तुमच्याकडंही, माझ्याकडंही. लक्ष्मीची शपथ."

मग येसूबाई बाजूला झाली. मैना आली, आईच्या गळ्यात पडली. लेकीची ओटी भरली, तिला मेण्यात बसवलं, सावकाश चालवत माहेरी आणलं.

इकडं काय झालं? आवडाई घरी पोचायला दुसरा दिवस उजाडला. दारात पेढीची चार माणसं, बघ्यांची गर्दी. लिंबाजी मागाच्या खड्ड्यात जाऊन बसला होता, एका हातानं फणी धरून. "आधी मला उचला," म्हणत होता, "मग माग उचला. एका हाताचा आहे, जड नाही!" माणसं डोकं खाजवत होती. तेवढ्यात आवडाईमागून दासी धावत आली, म्हणाली, "शेठाणीबाईंचा निरोप आहे. मागाला हात लावू नका. कोष्टीणबाईंना पेढीवर बोलावलंय."

आवडाई पेढीवर गेली. शेठाणीनं निळ्या सुताची थैली पुजली, म्हणाली, "तुझे तिन्ही हप्ते वेळेवर. घे तुझा दंड परत."

"माझेच का?" आवडाई म्हणाली. "ढिगात आणखी थैल्या आहेत. त्यांच्याही घरी कुणी रडत असेल. राणोजीदादाला बोलवा, ज्याचा त्याचा दिवस विचारा."

मुनीम पुटपुटले, "बाईसाहेब, रीत मोडली."

शेठाणी म्हणाली, "पंत, सासूबाई हरकारा ओटीवर उभा असतानाच थैली पुजत. ती रीत. ती मी मोडली. आता उठा, एकेक थैली द्या माझ्या हातात."

मग राणोजी आला. त्याला गूळपाणी दिलं. कुणाची थैली कधी आणली ते तो सांगत गेला, शेठाणी हळदकुंकू लावत गेली. कुणाची गाय सुटली, कुणाची घागर सुटली, कुणाच्या सुनेची पाटली सुटली. दिवस मावळायच्या आत देवघराची फरशी दिसली.

शेठाणी आवडाईला म्हणाली, "तुझ्यामुळं माझी लेक घरी आली. जा, तुझं कर्ज माफ केलं."

आवडाई म्हणाली, "माफ नको, शेठाणीबाई. घेतलंय ते फेडीन. हात आहेत, माग आहे. माझा दिवस तेवढा माझ्या नावावर ठेवा."

असं म्हणून ती घरी आली, पाय धुतले, मागावर बसली. आषाढाचा हप्ता जवळ आला होता.

पुढं मैना सुखरूप सुटली, तिला लेक झाली. लिंबाजीचा हात बरा झाला, दोघं मिळून विणू लागली. शेठाणीनं आवडाईपाशी वसा घेतला, तो टाकला नाही. आवडाईचं कर्ज वर्षाच्या आत फिटलं, माग सुटला.

जशी वाटजाई आवडाईला पावली, तशी तुम्हां आम्हां पावो. तुमचं धाडलेलं पोचो, पोचलेलं मोजलं जावो, कुणाचं आलेलं तुमच्या घरी अडून न पडो. साठां उत्तरांची ही कहाणी, पांचां उत्तरी तुमच्या कानी पोचती झाली, सुफळ झाली, संपूर्ण झाली.